फॉर्म भरण्याआधी रविवारी सकाळी शेडमध्ये जा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

नमस्कार. अंबडला आमचा ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे, मशिनिंग आणि हीट ट्रीटमेंटचा. अडीचशेच्या वर माणसं. वडिलांनी उभा केला, गेल्या दिवाळीपासून एमडी म्हणून मी बघते. निम्मी उलाढाल डिझेल इंजिनाच्या पार्ट्सची आहे. महिन्याला साधारण २ लाख युनिट वीज लागते, बिल २० लाखांच्या आसपास येतं, आणि स्टील लागतं २५० टन. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या ग्राहकाचा फॉर्म आला : एका पार्टमागे कार्बन किती, तो कमी करण्याचं उद्दिष्ट काय, जबाबदार अधिकारी कोण? आमचे ईएचएस ऑफिसर (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा बघणारे) म्हणतात, कन्सल्टंटकडून भरून घेऊ. एचआर मॅनेजर म्हणतात, दसऱ्याला वर्धापनदिन आहे, तेव्हा ‘२०४० पर्यंत नेट झिरो’ (निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य) जाहीर करू आणि हजार झाडं लावू. बाबा म्हणतात, "हा कारखाना आहे, आश्रम नाही. आपल्या एका शेडने जगाचं हवामान बदलणार आहे का?" ते अजून रोज येतात, रिजेक्शनच्या लाल पेटीपाशी थांबतात आणि मगच केबिनमध्ये जातात. त्यांना दुखवायचं नाही. पण मला हे मनापासून करायचं आहे. माझ्यासारखीने नक्की काय करावं?
— एक उद्योजिका, नाशिक

ताई,

आधी थेट उत्तर देतो, कारणं मग. नेट झिरोची घोषणा या दसऱ्याला करू नका. फॉर्म कन्सल्टंटच्या हवाली करू नका. आणि ‘जबाबदार अधिकारी’ या रकान्यात तुमचं स्वतःचं नाव लिहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुमचे ईएचएस ऑफिसर भले हुशार असतील, पण पस्तीस हजारांनी महाग असलेली, वीज कमी खाणारी आयई-४ मोटर घ्यायची की नेहमीचीच, हे त्यांच्या हातात नाही. स्टील कुणाकडून घ्यायचं हे परचेस ठरवतं. कंप्रेसर कधी बंद करायचा हे प्रॉडक्शन ठरवतं, आणि डिस्पॅचची घाई असली की कोणीच ठरवत नाही. या सगळ्यांच्या वर सही तुमची असते. मी सातपूर-अंबडमध्ये मेंटेनन्सचं काम करून वाढलेला माणूस आहे. ज्या कंपनीत ऊर्जेची फाइल खालच्या टेबलावर राहिली, तिथे ऑडिटचे जाडजूड रिपोर्ट आले आणि कपाटात गेले. मालकाने किंवा प्लँट हेडने सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शनच्या आकड्यानंतर लगेच "युनिट किती?" असं विचारायला सुरुवात केली, तिथे महिन्याभरात फोरमनच्या वहीत युनिटचा रकाना आला.

आता तुमच्याच आकड्यांवर बसू. आपल्याकडच्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, कारण देशाची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. आपल्या शेजारचं एकलहऱ्याचं केंद्रही कोळशाचंच. म्हणजे तुमच्या २ लाख युनिटांचे महिन्याला १४० टन झाले, वर्षाला जवळजवळ १,७०० टन. डीजी सेटच्या (जनरेटरच्या) डिझेलचे लिटरमागे २.७ किलो धरा आणि भट्टीला गॅस असेल तर एलपीजीच्या किलोमागे ३ किलो. बिलं अकाउंट्समध्ये आहेतच. एका दुपारी हा हिशोब होतो, त्याला कन्सल्टंट लागत नाही.

त्याच कागदावर हजार झाडं मांडून बघा. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. हजारच्या हजार जगली, मोठी झाली, तर वर्षाला वीस-पंचवीस टन. आणि तुमची नुसती वीज १,७०० टनांची! झाडं जरूर लावा. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी देशी झाडांची देवराई उभी केली आहे, तिथे जाऊन बघा, कुठली झाडं आणि किती वर्षं पाणी हे शिकून या. पण ती झाडं शहरासाठी, पाखरांसाठी, सावलीसाठी लावा. कारखान्याच्या कार्बनच्या हिशोबात ती धरू नका आणि एचआरलाही धरू देऊ नका.

वीज हा हिशोबाचा लहान भाग आहे, मोठा भाग स्टीलचा. भारतात एक टन स्टील बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २५० टनांचे महिन्याला सव्वासहाशे टन झाले, विजेच्या चौपटीहून जास्त. हा धूर तुमच्या गेटच्या आत निघत नाही म्हणून तो फॉर्ममध्ये ‘स्कोप ३’ नावाच्या वेगळ्या रकान्यात जातो. (स्वतःचं इंधन स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, बाकी सगळं ३.) पण स्टील तुम्ही मागवलं म्हणून तो निघाला.

आणि इथेच मला तुमचे बाबा भेटतात. लाल पेटीत पडलेला प्रत्येक पार्ट म्हणजे अडीच पट कार्बन घेऊन आलेलं स्टील, त्यावर खर्च झालेली वीज, भट्टीचा गॅस आणि माणसाची मेहनत. पार्ट रिजेक्ट झाला की हे सगळं गेलं, आणि तोच पार्ट पुन्हा बनवायचा म्हणजे पुन्हा तेवढंच. चिप्सचंही तसंच. बार किती वजनाचा आत आला आणि तयार पार्ट किती वजनाचा बाहेर गेला, हे प्रमाण काढा. जिथे निम्म्याहून जास्त धातू टर्निंगमध्ये जातो, तिथे नियर-नेट फोर्जिंग (तयार आकाराच्या जवळ जाणारं) घेता येईल का, बारचा व्यास एक साइज खाली येईल का, हे ग्राहकाच्या डिझाइनवाल्यांशी बोला. स्टीलचा वापर नुसता २ टक्क्यांनी कमी झाला तरी महिन्याला ५ टन स्टील आणि साडेबारा टन कार्बन वाचतो. बाबा हे काम आयुष्यभर करत आले आहेत. त्याला हवामानाचं नाव नव्हतं, एवढंच. तेव्हा त्यांना पटवायला बसू नका. त्यांची ती लाल पेटी वर्धापनदिनाच्या स्टेजवर न्या, त्यात महिन्याला किती किलो पडतं हा आकडा लिहा, आणि तो निम्मा करायचं काम त्यांच्या हाताखाली एका तरुण इंजिनिअरला द्या.

अमेरिकेत रे अँडरसन नावाचे एक उद्योजक होते, इंटरफेस कंपनीचे. कार्पेट बनवायचे, म्हणजे पेट्रोलियमवरचाच धंदा. १९९४ मध्ये ग्राहक विचारू लागले की तुमची कंपनी पर्यावरणासाठी काय करते, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आत्ता तुमच्या टेबलावर फॉर्म आला तसंच. त्यांनी पर्यावरणाची हानी शून्यावर आणायला २०२० ची मुदत घालून घेतली, पण सुरुवात केली कारखान्यात वाया जाणाऱ्या मालापासून, आणि त्यातून वाचलेल्या पैशावर पुढची कामं केली. २०११ मध्ये ते गेले. काम चालू राहिलं, कारण तोवर ते एकट्या मालकाचं राहिलं नव्हतं.

आता रविवारचं काम सांगतो. हे बाबांना बरोबर घेऊनच करा.

कंप्रेस्ड एअर ही कारखान्यातली सगळ्यात महाग वीज असते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. रविवारी सकाळी सगळी मशीन्स बंद ठेवा, हवेची लाइन चालू ठेवा आणि एकच कंप्रेसर सुरू करा. हवा कोणीच वापरत नाहीये, म्हणजे प्रेशर भरलं की कंप्रेसर अनलोड होऊन (हवा न भरता) तसाच राहायला हवा. राहणार नाही. थोड्या वेळाने परत लोड घेईल. घड्याळ लावून लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ लिहा, पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्या. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर : ही तुमची गळती. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड आलं तर ३० टक्के. लक्ष नसलेल्या शेडमध्ये २० ते ३० टक्के सर्रास निघते. म्हणजे कंप्रेसर वर्षातले अडीच ते साडेतीन महिने फक्त भोकांसाठी चालतो.

मग शेडमधून चाला. एरवी आवाजात ऐकू येत नाही, रविवारी सगळं ऐकू येतं. क्विक कपलिंग, एफआरएल युनिटचा (हवा गाळणाऱ्या फिल्टर-रेग्युलेटरचा) ड्रेन, सिलिंडरचं सील, कुणीतरी वायरने बांधून ठेवलेला जुना होज. साबणाचं पाणी आणि खडू घेऊन जा, जिथे बुडबुडे येतील तिथे खूण करा. शंभर-दोनशे रुपयांचे फिटिंग बदलून यातली बहुतेक गळती थांबते. त्यानंतर कंप्रेसरचं सेटिंग बघा. साडेसात बारवर ठेवलेलं असेल आणि मशिनला सहा पुरत असेल, तर एक बार खाली आणल्यावर कंप्रेसरची सहा-सात टक्के वीज कमी होते. चिप्स उडवायला आणि संध्याकाळी कपडे झटकायला एअर गन वापरतात, तेही बंद करा. डोळ्यालाही धोका आहे त्यात.

सोलर यानंतर. पुष्कळ मालक उलट करतात, आधी पॅनेल टाकतात, उद्घाटन करतात, आणि पॅनेलची वीज भोकांतून जात राहते. गळती काढून झाली की मग छप्पर मोजा. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट धरा, वर्षाला बाराशे-चौदाशे युनिट मिळतात. ४० हजार चौरस फूट मोकळं छप्पर असेल तर ४०० किलोवॉट बसतील आणि तुमची पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त वीज तिथे होईल. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून शेडचा भार तपासल्याशिवाय पॅनेल चढवू नका.

उरलेल्या विजेचं काय? इथे तुमचं काम कारखान्याच्या गेटबाहेर जातं. केंद्राच्या २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी (हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्याच्या) पात्रतेची मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली आहे. आणि ग्रुप कॅप्टिव्हची सोय तर २००५ पासून आहे : वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के भांडवल घालायचं आणि किमान ५१ टक्के वीज वापरायची. एकट्या युनिटला हे जड जातं, वकील आणि बँक याच्यातच दमछाक होते. पण निमा, आयमा या आपल्या उद्योजक संघटनांत तुमच्यासारखे पाच-दहा जण एकत्र आले तर होऊ शकतं. तुम्ही तिथे जाऊन हा विषय मांडा. पुढच्या रांगेत बसून मांडा. तरुण मालक-मालकिणींनी संघटनेत फक्त रस्ते, गटारी आणि लोडशेडिंगवर बोलावं असं कुठे लिहिलंय? बँकेच्या व्याजासाठी बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) एमएसएमईंना ऊर्जा कार्यक्षमतेवर व्याज सवलत देणारी २०२५ ची योजना आहे, तीही एकत्र बसून समजून घ्या.

पैशांचा मुद्दा बाबा काढतील आणि काढलाच पाहिजे. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये स्वतःच्या कंपनीतच कार्बनला किंमत लावली, टनाला १० डॉलर. त्यांचा इगतपुरीचा कारखाना, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, २०१८ मध्ये देशातला पहिला कार्बन न्यूट्रल कारखाना म्हणून प्रमाणित झाला. त्यांची ताकद वेगळी, तुमची वेगळी, पण युक्ती उचलण्यासारखी आहे. टनाला हजार रुपये धरा. विजेच्या १,७०० टनांचे वर्षाला १७ लाख होतात, तुमच्या एका महिन्याच्या बिलापेक्षाही कमी. तेवढी रक्कम बजेटमध्ये वेगळी काढा आणि ती फक्त मोटर, इन्सुलेशन, व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा ड्राइव्ह), मीटर यांवर खर्च करा. पहिल्या वर्षी काय वाचलं ते बाबांना अकाउंटंटकडूनच कळू दे.

"आश्रम नाही" याला एक उत्तर कायद्यातही आहे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ वाचा. संचालकाने कंपनी, कामगार, भागधारक आणि समाज यांच्या हितासाठी आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी वागावं, असं तिथे संचालकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं आहे. हे बाबांसमोर वाद म्हणून मांडू नका. तुमच्या स्वतःच्या मनात शंका आली की वाचा.

"एका शेडने काय होणार?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला टाळू नये. एका शेडने जगाचं तापमान हलणार नाही. पण तुमच्या शेडमधली माणसं कुठून येतात ते बघा. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडची पुष्कळ असतील, घरी थोडी बाग, थोडा कांदा. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते आणि त्यानंतरच्या उन्हात पुढच्या हंगामाचा घड काडीत ठरतो. २०२५ च्या मे महिन्यात ऐन त्या दिवसांत पाऊस पडत राहिला. त्या घरातला मुलगा तुमच्या सीएनसीवर उभा असतो. कर्जाचा हप्ता थकला की त्याचं लक्ष कुठे असेल, सुट्ट्या किती पडतील, तो ओव्हरटाइम का मागेल, हे तुमच्या हजेरीपत्रकात दिसतं. हवामानबदल तुमच्या कारखान्यात असा शिरला आहे. म्हणून फॉर्ममध्ये कुणी विचारलेलं नसलं तरी एक काम यादीत घ्या : एप्रिल-मेमध्ये भट्टीपाशी तापमान मोजा, टर्बो व्हेंटिलेटर बसवा आणि छपराला पांढरा कोटिंग करा, भट्टीची लोडिंग पहाटेच्या पाळीत न्या, पाण्याबरोबर ओआरएस ठेवा. हे काम पुढच्या उन्हाळ्याआधी व्हायला हवं, सोलरची वाट न बघता.

एक अवघड प्रश्न तुम्ही पत्रात ओझरता लिहिलात, निम्मी उलाढाल डिझेल इंजिनाच्या पार्ट्सची. हा प्रश्न प्रॉडक्शन मॅनेजर विचारणार नाही, त्याचं टार्गेट महिन्याचं आहे. तो विचारायचा अधिकार आणि जबाबदारी फक्त तुमची आहे. दहा वर्षांनी यातले कुठले पार्ट ग्राहक घेईल? तुमच्या ग्राइंडिंगची अचूकता दुसऱ्या कशाला उपयोगी पडेल? आपल्याकडे स्विचगिअर आणि विजेच्या सामानाचे मोठे कारखाने आहेत, शिलापूरला सीपीआरआयची (केंद्राच्या वीज संशोधन संस्थेची) टेस्टिंग लॅब आहे. दर वर्षी एक तरी नवा पार्ट इंजिनाबाहेरचा विकसित करायचा असं ठरवा आणि जुन्या ऑपरेटरना त्या कामावर आत्ताच शिकवा. ऑर्डर आटल्यावर शिकवायला वेळ मिळत नाही आणि पहिली कात्री कंत्राटी माणसांवर चालते.

राहिली घोषणा. २०२० मध्ये बीपी या तेल कंपनीने जाहीर केलं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करू. २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणलं आणि २०२५ मध्ये पुन्हा तेल-वायूतच गुंतवणूक वाढवायचं ठरवलं. घोषणा करणाऱ्यांनीच ती आधी सैल केली, आणि पुढे मागे घेणारे दुसरेच होते. लांबच्या सालाचं हेच होतं, तेव्हा खुर्चीत कोण असेल हे कुणालाच माहीत नसतं. तुम्ही दसऱ्याला एकच आकडा सांगा : एक टन चांगला माल काढायला आज आपल्याला किती युनिट लागतात, आणि पुढच्या दसऱ्याला किती लागतील. तो गेटजवळच्या बोर्डावर लिहा आणि दर महिन्याला बदला, वाढला तरी लिहा. हा आकडा तुमच्या कारकिर्दीतला आहे, त्याचा जाब कामगारही विचारू शकतो.

आता फॉर्म. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर अहवाल (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) बंधनकारक केला आहे, त्यामुळे मोठे ग्राहक पुरवठादारांकडे आकडे मागणार, हे थांबणारं नाही. युरोपात माल जात असेल तर तिकडचा सीबीएएम (आयात मालाच्या कार्बनवरचा आकार) १ जानेवारी २०२६ पासून पक्का लागू झाला आहे, त्यात स्टीलच्या मालाचा कार्बन विचारतात. त्यामुळे कन्सल्टंटने दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवरून उतरवलेला गोंडस आकडा दिलात तर पुढच्या वर्षी तोच तुमच्या गळ्यात येईल. मीटरवरून आलेला आकडा ‘मोजलेला’ आणि अंदाज ‘अंदाज’ म्हणून लिहा. जिथे माहिती नाही तिथे ‘माहिती नाही, मार्चपर्यंत देऊ’ असं लिहून खाली सही करा. स्टीलसाठी मिलला पत्र पाठवा आणि टनामागे उत्सर्जन किती ते विचारा. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या ठरवली आहे : टनामागे २.२ टनांच्या खाली असेल तर तारांकन मिळतं, १.६ च्या खाली पाच तारे. दोन पुरवठादारांचा भाव सारखा असेल तर कुणाकडून घ्यायचं हे परचेसला लेखी सांगून ठेवा. आणि ग्राहकालाही एक प्रश्न परत विचारा : आम्ही कार्बन कमी केला तर तुमच्या रेटमध्ये किंवा ऑर्डरच्या मुदतीत काय फरक पडेल? पाच वर्षांचा करार असेल तर बँक भट्टीसाठी कर्ज देते, सहा महिन्यांच्या शेड्यूलवर देत नाही. हे मोठ्या कंपन्यांच्या नेतृत्वाला खालून कुणीतरी सांगायला हवं.

रविवारची टेस्ट झाली की लोड-अनलोडचे वेळ आणि कंप्रेसरची क्षमता मला कळवा. गळती २० टक्क्यांच्या वर निघाली तर हवेच्या लाइनचा हाताने काढलेला नकाशाही पाठवा. रिंग मेन (शेडभोवती बंद वळसा घेणारी लाइन) करायचा की नुसते व्हॉल्व्ह टाकून सेक्शन वेगळे करायचे, ते त्यावरून सांगता येईल.